वैराचें पूर्वरूप

या सदरांत आजवर आपण पाणी उकळण्यापासून हिवतापाच्या डांसापर्यंत आरोग्याच्या पुष्कळ गोष्टी बोललों. आजचा विषय पाहून कित्येक वाचकांच्या कपाळाला आंठ्या पडतील, आणि ‘मास्तर आरोग्याचें पान सोडून पोलिसांच्या पानावर कां गेले?’ असेंही कोणी विचारील. विषय मनुष्यहत्येचा आहे. परंतु मीं पान सोडलेलें नाहीं. ज्या कारणानें दर वर्षीं आपल्या देशांत पंचवीस हजारांहून अधिक माणसें अकालीं मरतात, तें कारण आरोग्याच्या पानावर नको, तर कोठें हवें?

माणसाला मृत्यु चार वाटांनीं येतो: रोगानें, अपघातानें, स्वतःच्या हातानें आणि दुसऱ्याच्या हातानें. पहिल्या वाटेवर वैद्य उभा असतो. चौथ्या वाटेवर फौजदार, आणि तोही प्रेत पडल्यावर. ही वांटणी इतकी अंगवळणी पडली आहे कीं, चौथ्या वाटेवर वैद्याचें कांहीं काम असेल ही कल्पनाच आपणांस शिवत नाहीं. पण १९९६ सालीं जागतिक आरोग्य परिषदेनें जिनीव्हा येथें ठराव करून हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असें जाहीर केलें, आणि २००२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हिंसा व आरोग्य यांविषयीं मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील म्हणणें साध्या शब्दांत असें: पटकीची सांथ आली असतां आपण काय करतों? कोण मेलें, कोठें मेलें, कोणत्या विहिरीचें पाणी प्यालें, हें मोजतों, कारण शोधतों, तें कारण पुढच्या माणसापर्यंत पोंचण्याआधीं वाट अडवितों, आणि उपाय लागू पडला कीं नाहीं हें पुन्हां मोजून पाहतों. हत्येच्या बाबतींतही हेंच करावें. अपराध्याला शिक्षा व्हावयाचीच. पण शिक्षेनें मेलेला उठत नाहीं. मरणारा वांचावा यासाठीं निराळी विद्या हवी.

तर मग प्रथम मोजूं. आपल्या देशांत खुनांची सर्वांत मोठी नोंद १९९२ च्या सुमाराची आहे. त्या वर्षीं आंकडा चाळीस हजारांच्या घरांत होता, म्हणजे लाख लोकवस्तीमागें सुमारें साडेचार. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं सबंध भारतांत खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. हें प्रमाण लाखामागें २.१ पडतें. त्यांपैकीं महाराष्ट्रांतील २,२९५. साऱ्या जगांत २०२१ सालीं सुमारें ४ लाख ५८ हजार माणसें दुसऱ्याच्या हातून मेलीं. तें प्रमाण लाखामागें ५.८ होतें. म्हणजे तीस वर्षांत आपल्याकडील प्रमाण निम्म्याहून खालीं आलें आहे, आणि जगाच्या मानानें आपण बरे आहोंत. रोज वर्तमानपत्र उघडून ‘कलियुग आलें’ म्हणणाऱ्या आम्हां म्हाताऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

परंतु तोच अहवाल एक पान पुढें वाचला म्हणजे समाधान उणें होतें. या २८,५२२ खुनांचीं कारणें काय? घरांत शिरणारा दरोडेखोर आपल्या डोळ्यांपुढें येतो. पण धनलाभासाठीं झालेले खून अवघे १,८८४, म्हणजे शेंकडा सातही नाहींत. ‘तंटा’ या सदराखालीं ९,९६२ आणि ‘वैयक्तिक वैर’ या सदराखालीं ३,७६१. दोहोंची बेरीज जवळजवळ निम्म्यावर जाते. तंटा करण्यास ओळख लागते. वैर धरण्यास तर बरीच जुनी ओळख लागते. दाराला दुहेरी कडी घालून आपण ज्याला बाहेर ठेवतों, त्याच्यापेक्षां ज्याच्याशीं आपला बांध, भिंत, नळ, किंवा रक्त सामाईक आहे त्याच्याकडून मरण येण्याचा संभव अधिक असतो, असें हे आंकडे सांगतात. गोष्ट कटु आहे, पण औषधाच्या कामाची आहे. कारण अनोळखी माणसाचें मन आपणांस वाचतां येत नाहीं. ओळखीच्या माणसाचें येतें.

आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांतील ‘पूर्वरूप’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. रोग अंगावर उघड दिसूं लागण्यापूर्वीं तो जीं लहानसान चिन्हें दाखवितो तें त्याचें पूर्वरूप. ताप भरण्याआधीं तोंडाची चव जाते, अंग मोडून येतें, जांभया येतात. शहाणा वैद्य तेवढ्यावरच सावध होतो. हत्येलाही असेंच पूर्वरूप असतें. एका क्षणाच्या रागांत खून झाला असें न्यायालयांत सांगतात. परंतु त्या क्षणाच्या मागें बहुधा महिने, कधीं वर्षें पडलेलीं असतात, आणि त्या काळांत तें पूर्वरूप शेजाऱ्याला, सुनेला, शाळेंतल्या पोराला दिसत असतें. महाभारतांतील चुलतभावांच्या घरांत कुरुक्षेत्राचें पूर्वरूप विदुराला किती आधीं दिसलें होतें! त्यानें तें बोलूनही दाखविलें. घरांत विदुर होता, पण विदुराचें ऐकण्याची व्यवस्था नव्हती.

मी राहतों त्या वडपे गांवाचेंच पाहा. मुंबईहून निघून ठाण्याची खाडी ओलांडलेला नाशिकचा महामार्ग भिवंडीला बगल देऊन आमच्या दारावरून जातो. जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं, तेथें आतां पत्र्याच्या छपरांचीं गोदामें उभीं आहेत. दूरच्या देशांतून आलेला माल तेथें उतरतो आणि रात्रभर ट्रकांची रांग लागलेली असते. जी जमीन पोटापुरता भात देत होती, तिच्या एकेका गुंठ्याची किंमत आजोबांच्या सबंध आयुष्याच्या कमाईहून अधिक झाली. सातबाऱ्यावर सात नांवें असतात. त्यांत २००५ च्या कायद्यानें मुलींनाही मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला, आणि तो मिळावयासच हवा होता. पण ‘बाईनें हक्कसोडपत्रावर निमूट सही करावी’ ही अपेक्षा मात्र जुनीच राहिली.

अशा घरांत पूर्वरूप कसें दिसतें? आधीं भाऊभाऊ ओटीवर एकत्र बसत नाहीसे होतात. मग गणपति निराळे होतात. मग मोजणी येते, आणि एका रात्रींत बांध हातभर सरकतो. मग मुलांना ‘काकांच्या अंगणांत जाऊं नका’ असें बजावलें जातें. मग भर चौकांत ‘बघून घेईन’ हा शब्द उच्चारला जातो. आणि एके दिवशीं गवत कापण्याचा कोयता, गवत नसतांना, दाराआड उभा केलेला दिसतो. यांतील प्रत्येक पायरी सारा गांव पाहत असतो. हें मी एकट्या वडप्याचें म्हणून सांगत नाहीं. जेथें जेथें मोठा रस्ता गेला आणि भाव चढले, तेथें तेथें ही जिन्याची पायरी बसलेली आहे. फार थोड्या घरीं माणूस शेवटच्या पायरीवर पोंचतो, हें देवाचें देणें. पण जो पोंचतो तो याच जिन्यानें जातो.

मग पाहणारे बोलत कां नाहींत? याचें उत्तर आपल्याच इतिहासांत आहे. १८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला, आणि पुढें वर्षानुवर्षें तो रोग महाराष्ट्रभर थैमान घालीत राहिला. त्या काळीं घरोघर रोगी लपविले जात. कांखेंत गांठ आलेलें माणूस माळ्यावर, कणगीआड, गोठ्यांत दडवीत. त्यांत अब्रूची भीति होती. पण त्याहून मोठी भीति झडतीला येणाऱ्याची होती. रोग सांगितला तर माणूस उचलून नेतील, घर उघडें करतील, सामान जाळतील, आणि नेलेलें माणूस पुन्हां दिसेल कीं नाहीं कोणास ठाऊक! लोक मूर्ख नव्हते. ज्याला सांगावयाचें त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या लपविण्यानें रोग मात्र दुप्पट पसरला.

घरांतील आणि गांवांतील वैराचें आजही तसेंच आहे. सांगावें कोणाला? पोलिसाला सांगितलें तर गांवभर बोभाटा. पुढाऱ्याला सांगितलें तर तो एक बाजू धरणार. नातेवाइकाला सांगितलें तर ‘सोसा’ म्हणणार. तेव्हां माझ्या आजच्या लेखाचा सारा भाव एका वाक्यांत सांगावयाचा तर असा: वैराचें पूर्वरूप दिसणारे डोळे सर्वत्र असतात, पण तें ज्याच्यापाशीं निर्धास्तपणें बोलावें असा माणूस आधींपासून नेमलेला असावा लागतो. जेथें तो असतो तेथें मरणें टळतात. हें मी अनुमानानें बोलत नाहीं. याचा पुरावा आमच्या तालुक्याच्या गांवींच आहे.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचें शहर. देशोदेशींचे विणकर येथें पोटासाठीं येऊन राहिले. हिंदु आणि मुसलमान दोन्ही समाज दाटीवाटीनें नांदतात. १९७० च्या मे महिन्यांत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून येथें दंगा पेटला आणि त्याच्या झळा जळगांव व महाड येथें पोंचल्या. न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें त्याची सविस्तर चौकशी केली. पुन्हां १९८४ च्या मे महिन्यांत भिवंडी पेटली, आणि ठाणें-मुंबईपर्यंत मिळून शेंकडों माणसें मेलीं. शेजाऱ्यानें शेजाऱ्याला मारलें. भिवंडी म्हटली कीं दंगल हें समीकरण होऊन बसलें होतें. सोयरीक जुळवितांनाही लोक गांवाचें नांव ऐकून बिचकत.

१९८८ सालीं सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीस आले. १९८४ च्या दंगलीचा त्यांनीं बारकाईनें अभ्यास केला होता. दंगल सुरू झाल्यावर बंदुका घेऊन धांवणें म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणें, हें त्यांनीं ओळखलें. त्यांनीं शहरांतील निरनिराळ्या वस्त्यांत मिळून सुमारें सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढारी कमी आणि साधीं माणसें अधिक. मागवाले, दुकानदार, शिक्षक, दोन्ही समाजांतले. त्या वस्तीवरील पोलीस त्यांच्यांत बसत. बोलणें बहुतेक वेळां फार लहान गोष्टींचें असे: भांडण, अफवा, गल्लींतला दांडगा पोरगा, मिरवणुकीचा मार्ग. वाचकांना हें किरकोळ वाटेल. परंतु ज्याच्याशीं आपण महिन्या-दोन महिन्यांनीं गटाराच्या दुर्गंधीविषयीं बोललों, त्याच्याविषयीं एकाएकीं कोणी भयंकर अफवा आणली, तर निदान ‘थांबा, मी त्यालाच विचारून येतों’ एवढें तरी मन म्हणतें. आणि पोलिसाचें तोंड ओळखीचें झालें कीं त्याच्यापाशीं पूर्वरूप बोलण्याचें धैर्य येतें.

परीक्षा १९९२ च्या डिसेंबरांत झाली. अयोध्येची घटना घडली आणि सारा देश पेटला. मुंबईंत त्या डिसेंबरांत आणि पुढच्या जानेवारींत मिळून ९०० माणसें मेलीं, असें न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या आयोगानें नोंदलें आहे. त्या मुंबईपासून पन्नास किलोमीटरांच्या आंत असलेली, दोनदां जळून निघालेली भिवंडी मात्र शांत राहिली. ज्या गांवाचें नांव सर्वांआधीं यावयाचें, त्याचें नांव आलेंच नाहीं. आशुतोष वार्ष्णेय या विद्वानांनीं भारतांतील शहरांतल्या दंग्यांचा जो ग्रंथ २००२ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत भिवंडीच्या या प्रयोगाची मुद्दाम दखल घेतली. मुंबईनेंही पुढें १९९४ सालापासून मोहल्ला समित्यांची ही कल्पना उचलली. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. जे मेले त्यांचीं नांवें आयोगाच्या अहवालांत सांपडतात. पण भिवंडींत जे मेले नाहींत, त्यांचीं नांवें कोणत्या वहींत लिहिलीं आहेत? देवीची लस टोंचलेल्या मुलाला आपण कशापासून वांचलों हें कळत नाहीं, तसेंच हें आहे. प्रतिबंधाचें यश नेहमीं अदृश्य असतें, म्हणून त्याला वर्गणी मिळत नाहीं.

एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. २००६ सालीं भिवंडींत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून पुन्हां जमाव उसळला, गोळीबार झाला, माणसें मेलीं, आणि त्यांत दोन पोलीस शिपाईही जमावाच्या हातून मारले गेले. तेव्हां ही लस एकदां टोंचली म्हणजे जन्माची निश्चिंती, असें नव्हे. विश्वास हा तुळशीच्या रोपासारखा आहे. रोज पाणी घालावें लागतें.

परदेशांतही हाच अनुभव आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहर तरुणांच्या सुराबाजीसाठीं सबंध युरोपांत कुप्रसिद्ध होतें. २००५ सालीं तेथील पोलिसांनीं हिंसा कमी करण्यासाठीं एक खास पथक काढलें, आणि हा रोग आहे असें समजून शिक्षक, डॉक्टर, समाजसेवक यांना बरोबर घेतलें. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत स्कॉटलंडमधील खुनांची संख्या निम्म्याहून कमी झाली. त्याचें सारें श्रेय एकाच पथकाला देतां येणार नाहीं. परंतु जें भिवंडींतल्या एका पोलीस अधिकाऱ्याला १९८८ सालीं सुचलें, तेंच ग्लासगोस सतरा वर्षांनीं सुचलें, याचा आम्हांस अभिमान वाटला तर तो अनाठायीं नाहीं.

येथवर चौकाविषयीं बोललों. आतां उंबऱ्याच्या आंत येतों, आणि येथें लेखणी जड होते. जगांत एकंदर मरणाऱ्यांत पुरुष पुष्कळ अधिक, पांचांत चार. परंतु पुरुष बहुधा घराबाहेर मारला जातो आणि स्त्री घरांत. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाप्रमाणें २०२२ सालीं जगांत सुमारें ८९ हजार स्त्रिया व मुली मारल्या गेल्या. त्यांपैकीं ४८,८०० जणी पतीच्या, साथीदाराच्या किंवा घरच्याच माणसाच्या हातून. म्हणजे ज्या घराला आपण आश्रय म्हणतों, तेंच निम्म्याहून अधिक जणींना भोंवलें.

आपल्या देशांत तर मोजणींतच घोटाळा आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत २००९ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या हिशेबानें २००१ या एका वर्षांत भारतांत आगीनें १ लाख ६३ हजारांवर मृत्यु झाले. त्यांत १ लाख ६ हजार स्त्रिया, आणि त्यांतल्या बहुतेक पंधरा ते चौतीस या वयाच्या. पोलिसांच्या दप्तरीं जी संख्या होती, तिच्या सहापट ही संख्या भरते. यांतील कित्येक मृत्यु खरोखरीचे अपघात असतील. रॉकेलचा स्टोव्ह आणि अंगावरचें तलम पातळ यांची गांठ वाईटच. कित्येक जणींनीं स्वतः पेटवून घेतलें असेल. कित्येक जणींना पेटविलें असेल. परंतु चूल जर सर्वांसाठीं सारखीच, तर सासवांपेक्षां तरुण सुनाच इतक्या कां जळाव्या, या प्रश्नाचें उत्तर चुलीला विचारून मिळणार नाहीं.

येथें माझी एक चूक सांगणें भाग आहे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. तेव्हां मी ज्या शाळेंत शिकवीत होतों, तेथें सातवीच्या वर्गाला ‘माझें घर’ हा निबंध घातला. एका मुलानें लिहिलें होतें: बाबा रात्रीं आले कीं आई आम्हां भावंडांना शेजारच्या आजींकडे पाठविते, सकाळीं आई हळू चालते, मी मोठा झालों कीं दाराला आंतून लावावयाची कडी घेणार आहें. मीं ती वही घरीं आणली. तांबड्या शाईनें ऱ्हस्वदीर्घाच्या नऊ चुका काढल्या, विरामचिन्हें घातलीं, ‘हस्ताक्षर सुधारावें’ असा शेरा दिला, आणि दहांपैकीं सहा गुण घातले. आठ महिन्यांनीं त्याची आई भाजून वारली. स्टोव्हचा भडका झाला असें नोंदलें गेलें. तसेंच झालें असेलही. मीं त्या घरावर कसला आरोप करावा? पण त्या पोरानें जें कोणालाच सांगितलें नव्हतें तें मला सांगितलें होतें, लिहून सांगितलें होतें, आणि मीं त्याचें शुद्धलेखन तपासलें. मला तें दिसलें नाहीं असें म्हणण्याचीही सोय नाहीं. वाचतांना मी क्षणभर थांबलों होतों, हें मला आठवतें. ‘दुसऱ्याच्या घरची गोष्ट’ असें मनाशीं म्हणून मीं पान उलटलें.

अशा स्त्रीला तेव्हां वाट होती काय? मुंबईंत नुकतीच एक निघाली होती. २००० सालीं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनीं मिळून ‘दिलासा’ नांवाचें केंद्र काढलें. सरकारी रुग्णालयांत अशा प्रकारचें तें देशांतलें पहिलें. त्यामागील विचार फार सरळ आहे. मार खाल्लेली स्त्री पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीं, वकिलाकडे जात नाहीं. पण जखमेला टांके घालावयास दवाखान्यांत तिला यावेंच लागतें. ‘जिन्यावरून पडलें’ असें ती सांगते. तेथें परिचारिकेला शिकविलेलें असतें कीं, जखम जिन्याची आहे कीं हाताची हें पाहावें, बाईला एकांतांत नेऊन हळूच विचारावें, आणि समुपदेशकाकडे पोंचवावें. तीच शहाण्या वैद्याची पूर्वरूपावरील नजर! पुढें हीं केंद्रें मुंबईंतील इतर रुग्णालयांतही निघालीं. २००५ सालीं घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा झाला; त्यानें बाईला तक्रार केल्यावरही राहत्या घरांत राहण्याचा हक्क मिळाला, आणि मदतीस संरक्षण अधिकारी नेमले गेले.

आतां आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल, ‘मास्तर, हें सारें झोपडपट्टींतलें आणि दारूच्या गुत्त्यांतलें. आमच्या सुशिक्षित, चार माणसांच्या एकत्र कुटुंबांत असें कांहीं नसतें.’ हें ऐकावयास बरें वाटतें. परंतु शिक्षणानें आवाज खालीं येतो, राग खालीं येतोच असें नाहीं. आमच्या घरांत भांडीं आदळत नाहींत, दारें लावलीं जातात. आमच्याकडे कोयत्याऐवजीं अबोला असतो, आणि तो वीस वर्षें तेवत ठेवण्याचें सामर्थ्य आम्हीं संध्येच्या नेमाइतकें जोपासलेलें असतें. एकत्र कुटुंबाची थोरवी मी लहानपणापासून जाणतों. आजारपणांत उशाशीं दहा हात असतात. परंतु तेच दहा हात एखादीच्या तोंडावर ठेवले गेले म्हणजे तिची हांक अंगणापर्यंतही पोंचत नाहीं. एकत्र घरांत साक्षीदार पुष्कळ असतात. म्हणूनच तेथें जबाबदारीही पुष्कळांची असते.

यासाठीं काय करावें? मोठ्या गोष्टी सरकारनें कराव्या. घरापुरत्या चार सांगतों. पहिली: घरांत एक माणूस असा ठरवावा कीं ज्याच्यापाशीं सुनेनें, मुलानें, मोलकरणीनेंसुद्धां कांहींही बोलावें आणि बोललेलें चव्हाट्यावर येऊं नये. तें माणूस घराचा कर्ता असावें असें नाहीं, बहुधा नसावेंच. दुसरी: जमिनीचा, दागिन्यांचा, भाड्याचा वांटा वडील माणसानें हयातींत, शुद्धींत, मुलींसह सर्वांना समोर बसवून लिहून ठेवावा. ‘माझ्या मागें तुम्ही पाहा’ असें म्हणणारा बाप पोरांच्या हातांत वैराचें बी देऊन जातो. तिसरी: कांहीं चिन्हें दिसतांच समजूत घालण्यांत वेळ दवडूं नये. कोणी गळा दाबला असेल, जिवें मारण्याची धमकी दिली असेल, हत्यार जवळ बाळगूं लागला असेल, मारहाण दिवसेंदिवस वाढत असेल, तर तें रोगाचें रूपच झालें, पूर्वरूप नव्हे. आणि स्त्री घर सोडून निघते ते दिवस सर्वांत धोक्याचे असतात. तेव्हां तिला ‘चार दिवसांनीं परत जा’ म्हणून एकटी धाडूं नये. संकटांत ११२ हा क्रमांक आहे, स्त्रियांसाठीं १८१ आहे, मुलांसाठीं १०९८ आहे. देवघराच्या दारावर पंचांग टांगतों तेथें हे तीन आंकडेही लिहून ठेवावे. चौथी: शेजारच्या घरांतून नेहमीं ऐकूं येणारा आवाज एके दिवशीं फार वाढला, तर वाटी घेऊन साखर मागावयास जावें. साखर नको असते. दार उघडावयाचें असतें. कित्येकदां उघडलेल्या दारासमोर उगारलेला हात खालीं येतो.

‘दुसऱ्याच्या घरांत तोंड घालूं नये’ ही शिकवण आपल्या वडिलांनीं दिली, ती चहाडीपासून वांचण्यासाठीं. मरणापासून कोणाला वांचवूं नये, असा तिचा अर्थ त्यांच्या मनांत नव्हता. शेजारी पटकी झाली तर आपण ‘त्यांच्या घरची गोष्ट’ म्हणून स्वस्थ बसत नाहीं. विहिरींत औषध टाकतों.

आतां सेवानिवृत्तीनंतर सायंकाळीं माझ्या ओटीवर गोदामांत काम करणाऱ्यांचीं आणि गांवांतलीं कांहीं मुलें अभ्यासाला बसतात. कोणी मराठी बोलतें, कोणी हिंदी. शुद्धलेखनाच्या चुका पूर्वींहूनही अधिक असतात. मी अजूनही त्यांना ‘माझें घर’ हा निबंध घालतों. वही हातीं आली कीं आधीं एकदां ती शेवटपर्यंत वाचतों. तांबडी शाई त्यानंतर काढतों.